रकान्याबाहेरची सही

सोमवार, ६ जानेवारी

ताई,

हे पत्र फाडायच्या आधी एवढा एक परिच्छेद वाच. गुरुवारी आमच्या शाळेतली बासष्ट मुलं स्नेहसंमेलनाच्या कपड्यांची मापं द्यायला तुझ्या दुकानात येणार आहेत. त्यांना आत घेऊ नकोस. कुलूप लाव, मशीन बिघडलं म्हण, गावाला गेले म्हणून पाटी लाव, काहीही कर. शाळेत रुबेला आला आहे.

उरलेलं वाचलंस तर बरं, नाही वाचलंस तर तुझी मर्जी. (वाच.)

शनिवारपासून मी तुला चौदा वेळा फोन केला. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस हे मला पाचव्या वेळी कळलं, तरी आणखी नऊ वेळा केला. भावोजींचा फोन वाजतो, पण ते उचलत नाहीत. ते त्या वेळी बस चालवत असतात, असं मी धरून चाललो आहे. तीन दिवस सलग बस चालवत असतील, असंही धरतो. मग पोस्टाशिवाय काय उरतं? गावातल्या गावात पत्र टाकणारा मीच शेवटचा माणूस असेन. तिकीट घेताना पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कबुतर घेऊन आलो आहे.

तुला तिसरा महिना आहे हे मला आत्याने सांगितलं. सांगायचं नव्हतं म्हणे. "मी काही बोलले नाही हं," असं आधी म्हणाली आणि मग तारखेसकट सगळं सांगितलं. सख्ख्या भावाला हे आत्याकडून कळावं, यावर मी काही लिहीत नाही. लिहिलं असतं तर पान पुरलं नसतं.

आता मुद्दा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर शुक्रवारी शाळेत आल्या होत्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुलांना याचा फारसा त्रास होत नाही. बारीक ताप, अंगावर गुलाबी पुरळ, कानांमागे गाठी, आणि तिसऱ्या दिवशी पोर पुन्हा उड्या मारायला मोकळं. म्हणून तर कोणी मनावर घेत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या बाईला झाला आणि तिच्या अंगात त्याला अडवणारी शक्ती नसली, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, कशालाही धक्का बसू शकतो. हे वाक्य मी तीनदा खोडलं, म्हणून हा कागद दुसरा आहे.

खोकल्यातून, शिंकेतून पसरतो. पुरळ दिसायच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर. म्हणजे गुरुवारी तुझ्यासमोर हात पसरून उभी राहणारी पोरं दिसायला ठणठणीत असतील, हेच तर वाईट.

मी स्वतः आलो असतो. पण सिस्टर म्हणाल्या, ज्यांनी लस घेतलेली नाही आणि जे या मुलांत वावरले, त्यांनी तीन आठवडे गरोदर बाईच्या जवळ फिरकायचं नाही. मग मला विचारलं, "तुम्ही घेतली आहे ना?" मी म्हणालो, बघून सांगतो.

तुझा,
हेडक्लार्क
(तूच ठेवलेलं नाव. हुद्दा अजून शिपायाचाच आहे.)


गुरुवार, ९ जानेवारी

ताई,

आत्याने फोनवर सांगितलं की माझं पत्र तुला मंगळवारी मिळालं, तू उभ्याउभ्या वाचलंस, चार घड्या केल्यास आणि मशीनचा पाय डुगडुगतो त्याखाली सारलंस. ठीक आहे. निदान वाचलंस. पत्र उपयोगी पडावं अशीच माझी इच्छा होती, पण अशी नव्हती.

दुकान आज बंद होतं हेही तिनेच सांगितलं. आभार मानत नाही, कारण तू ते माझ्यासाठी केलेलं नाहीस.

मुलांची मापं सोबत जोडली आहेत. सकाळी मी ती शाळेच्या व्हरांड्यात घेतली. मोठ्या बाईंना म्हटलं, संमेलनच पुढे ढकला. तर म्हणाल्या, "अरे, पाहुण्यांना तारीख दिली आहे. चार पोरांना घामोळं उठलं म्हणून मी पाहुण्यांना काय सांगू?" आमच्या या मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत. फक्त जे कागदावर आहे ते त्यांना खरं वाटतं. मी यावर बोलावं असं नाही.

मग टेप घेऊन मीच उभा राहिलो. उंची, छाती, कंबर, बाही, बासष्ट ओळी. नाकातोंडाला पट्टी बांधली होती. सातवीतला एक टारगट म्हणाला, "दादा, तुम्ही दरोडा घालायला आलाय का माप घ्यायला?" लहानपणी टेपचं दुसरं टोक मीच धरायचो, त्यामुळे कामाची पद्धत ठाऊक होती. शिलाईसाठी दोन बोटं सोडली आहेत. पाचवीतल्या एका मुलीच्या कानामागे माझा हात लागला, तर गाठी होत्या, वाटाण्याएवढ्या. गालावर पावडरचा थर. मी म्हटलं, "घरी का नाही राहिलीस?" तर म्हणते, "माझ्यामुळे वर्गाचा फलक जाईल ना!"

फलक म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही, तू गेल्यानंतरची गोष्ट आहे. ज्या वर्गाची महिनाभर हजेरी पूर्ण, त्याच्या दारावर निळा फलक लागतो आणि वर्षाअखेरीस तो वर्ग सहलीला जातो. म्हणून आया पुरळावर पावडर थापून पोरांना पाठवतात. आली नाहीत तर वर्गातली बाकीची पोरं त्यांना खातात. तो फलक कोणी आखला, कोणी रंगवला, हे विचारू नकोस. सुबक झाला आहे, एवढंच सांगतो.

रक्ताची तपासणी करून घे. त्यातून कळतं, अंगात शक्ती आहे की नाही. आईने आपल्याला लहानपणी पुरळ उठून गेल्याचं सांगितलं होतं, त्यावर विसंबू नकोस. सिस्टर म्हणाल्या, पुरळ शंभर कारणांनी उठतं, आईच्या आठवणीला प्रयोगशाळा म्हणत नाहीत.

आजपर्यंत अकरा मुलं.

तुझा भाऊ


मंगळवार, १४ जानेवारी

ताई,

आत्यामार्फत तुझा निरोप मिळाला. दोन वर्षांनी तुझ्याकडून पहिला शब्द आला तो असा : "बाहीचं माप खांद्याच्या टोकापासून घ्यायचं, मानेपासून नाही, एवढं सांग त्या शहाण्याला."

बासष्ट बाह्या चुकल्या आहेत हे मला मान्य आहे. पण मी विचारलं होतं तपासणीचं! त्याबद्दल एक अक्षर नाही. आत्याला विचारलं तर म्हणे, "तिला तुझं ऐकायचं नाही, म्हणून ती ऐकत नाही. गोष्ट बरोबर असली तरी तू सांगितलीस ना!" याला मी काय करू? दुसऱ्या कोणाच्या अक्षरात लिहू?

एकोणीस मुलं झाली. काल पालकांची सभा होती. सिस्टरांनी एक साधी गोष्ट सांगितली : ज्याला पुरळ, त्याने सात दिवस घरी, आणि ज्यांची लस राहिली आहे, त्यांना ती देऊ. एवढ्यावर दीड तास गेला.

एक वडील उठले, त्यांचं सायकलचं दुकान आहे. "पुरळच आहे ना? आम्हालाही आलं होतं. मेलो का?"

सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही नाही मेलात. तुमच्या घरात कोणी गरोदर आहे?"

"सून आहे."

"कितवा महिना?"

ते खाली बसले. मग पुन्हा उठले आणि म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

मागून एक बाई म्हणाल्या, "लस घेतली की मुलींना पुढे मूल होत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

"अहो, मुलींना पुढे धडधाकट मूल व्हावं म्हणूनच ही लस आहे. आणि मुलग्यांना एवढ्यासाठी, की त्यांनी रुबेला घरी आणू नये. 'म्हणतात' त्यांना माझ्याकडे पाठवा, त्यांनाही टोचते."

लोक हसले. मला सिस्टरांबद्दल आदर वाटतो, पण त्यांच्यासमोर उभं राहायची भीती वाटते. सभेनंतर त्या सरळ पाचवीच्या वर्गाकडे गेल्या, स्टूल ओढलं आणि निळा फलक स्वतःच्या हाताने उतरवला. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, शिस्तीचा प्रश्न आहे." सिस्टर म्हणाल्या, "आजारी पडायची परवानगी नसलेली शाळा मी पहिल्यांदाच पाहते आहे." फलक त्यांनी माझ्या हातात दिला. वजनाला हलका आहे. मला कधी जाणवलं नव्हतं.

जाताना त्यांनी दोन वर्षांपूर्वीच्या लसीकरणाची यादी मागितली. तेव्हा शाळेत गोवर-रुबेलाची लस देऊन झाली होती. यादीप्रमाणे एक्केचाळीस मुलं राहिली. "का राहिली?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कागदपत्रं अपुरी होती. हे खरं आहे.

तपासणी कर. हात जोडतो. जोडलेले हात पत्रात दिसत नाहीत, ही पोस्टाची मोठी गैरसोय आहे.

तुझा भाऊ


शनिवार, १८ जानेवारी

ताई,

"कागदपत्रं अपुरी होती" हे खरं आहे असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. अपुरं विधान लिहून पाठवलं, ते चार दिवस डोक्यात घण घालतं आहे, म्हणून हे पत्र.

त्या वेळी लस देण्याआधी पालकांची संमतीपत्रं गोळा करायची होती. लिपिक रजेवर होते. मोठ्या बाईंनी ते काम मला दिलं. दहावीतून शाळा सोडलेल्या माणसाला चारशे संमतीपत्रं तपासायला मिळाली, ताई! घंटा देणं, फळे पुसणं, पाण्याची टाकी भरणं, यातून उठून मी आठवडाभर टेबलामागे बसलो. पालक मला "साहेब" म्हणाले. आणि जे पत्र नियमाप्रमाणे भरलेलं नव्हतं, ते मी परत पाठवलं. पुन्हा भरून आणा. कितीतरी जणांनी आणलं. एक्केचाळीस जणांनी आणलं नाही.

आणि मी काय केलं, तर परत पाठवलेल्यांची वही ठेवली. काल सिस्टरांना ती कपाटात सापडली. अक्षर पाहून म्हणाल्या, "किती छान ठेवली आहे हो!" आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"अनुक्रमांक तीन. सही रकान्याबाहेर. परत. अनुक्रमांक सात. जन्मतारखेपुढे 'पावसाळ्यात' असे लिहिले आहे. परत. अनुक्रमांक बारा. अंगठा पुसट. परत. अनुक्रमांक तेरा. पेन्सिलीने भरले आहे. परत. अनुक्रमांक वीस. मजकूर बरोबर, परंतु कागदावर तेलाचा डाग. परत."

इथे त्या थांबल्या. "तेलाचा डाग?"

मी म्हटलं, "अक्षर दिसत होतं. पण डाग होता."

त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. वही मिटून म्हणाल्या, "यांतल्या एकाही आईबापाने नको म्हटलेलं नाही. सगळ्यांनी हो म्हटलं होतं. तुम्ही त्यांचं 'हो' परत पाठवलंत."

सध्याच्या आजारी मुलांची नावं मी वहीशी ताडून पाहिली. तेवीसपैकी अठरा नावं वहीत आहेत. अनुक्रमांक वीस म्हणजे तीच पाचवीतली मुलगी, कानामागे गाठी असलेली.

तारखा पाहिल्या. हे सगळं तू घर सोडून गेलीस त्याच्या पुढच्याच महिन्यातलं आहे. म्हणून आता तेही लिहून टाकतो, शाई उघडी आहे तोवर.

तू मला लग्न नोंदणीच्या कचेरीत साक्षीदार म्हणून बोलावलं होतंस. भावोजींच्या अर्जात कायमच्या पत्त्याचा रकाना रिकामा होता आणि मी म्हणालो, हा भरल्याशिवाय सही करणार नाही. ते म्हणाले, अरे, भाड्याने राहतो, कायमचा कुठून आणू? तू म्हणालीस, "राजा, आत्ता सही कर, वाद मग घाल." मी पेन खिशाला लावलं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद झाली, पुढची तारीख आठवड्याने मिळाली आणि त्या आठवड्यात बाबांना कळलं. पुढचं तुला माहीत आहे. ते दाराशी काय बोलले, तू मशीन उचलून रिक्षात कशी ठेवलीस, आणि मी जिन्यात उभा होतो.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझं नियमाप्रमाणे बरोबर होतं. तसा नियम नव्हता, ताई. मी नंतर जाऊन विचारून आलो होतो. रकाना रिकामा चालतो. मला बाबांची भीती वाटली होती, आणि रकाना हाताशी सापडला.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तपासणी मात्र कर. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

भाऊ


मंगळवार, २१ जानेवारी

ताई,

सोबत एक मूळ कागद पाठवतो आहे. प्रत नाही, मूळ. मी शाळेचा मूळ कागद बाहेर पाठवतो आहे, यावरून माझी अवस्था ओळख. जपून उघड, घडीवर फाटला आहे.

रविवारी मी जुन्या दप्तराची खोली उघडली. उशीर तर झालाच आहे, निदान या एक्केचाळीस जणांपैकी कोणी दुसरीकडे कुठे लस घेतली असेल तर तो दाखला मिळतो का, ते पाहायचं होतं. तो मिळाला नाही. चौदा वर्षांपूर्वीचा गठ्ठा मिळाला. आपण दोघं त्याच शाळेत होतो तेव्हाचा. तू आठवीत, मी चौथीत. तेव्हाही लस आली होती, आठवतं? बाबा म्हणाले होते, सरकारी सुया नकोत, आणि आपली दोन्ही संमतीपत्रं केराच्या टोपलीत टाकली होती.

सोबतचं हे तुझं तू टोपलीतून काढलेलं दिसतं. चुरगळल्याच्या खुणा अजून आहेत. वरच्या कोपऱ्यात कसलासा डाग. जन्मतारखेत खाडाखोड. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना रिकामा. आणि खाली बाबांची सही, तुझ्या हातची. त्यांच्या सहीचं शेपूट रकान्याबाहेर जातं, तेसुद्धा तू हुबेहूब बाहेर नेलं आहेस. एकाच कागदावर चार दोष. मी असतो तर चार वेळा परत पाठवला असता. तेव्हाच्या म्हाताऱ्या लिपिकांनी त्यावर नुसतं "लस दिली" लिहून तारीख घातली आहे.

म्हणजे तुला लस मिळालेली आहे! मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो, मग खोकला आला, धूळ फार.

त्याला टाचणीने दुसरं एक पत्र जोडलेलं आहे, ते माझं. तेही तूच भरलेलं. त्यावर लिपिकांचा शेरा : "विद्यार्थी म्हणतो सही खोटी आहे. रांगेतून निघून गेला." दहा वर्षांचा होतो मी! तू रांगेतून मला खूण करत होतीस, गप्प बस म्हणून, आणि मी हात वर करून सांगितलं, ही सही आमच्या बाबांची नाही. तुझीही खोटी आहे हे मी सांगितलं नाही, एवढंच एक त्या दिवशी बरं केलं.

तर "तुम्ही घेतली आहे ना?" या सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं. काल त्यांना दिलं. त्या म्हणाल्या, "आणि बासष्ट मुलांची मापं घेतलीत! पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तेव्हाच टोचलं असतं. आता जर त्या दिवशी लागण झाली असेल तर ही सुई तिला मागे वळवणार नाही." मग मला घरी पाठवलं, दोन आठवडे.

तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, लस घेतलेली असेल तर उत्तम, बहुतेकांना ती जन्मभर पुरते. पण चौदा वर्षं झाली, पोटात बाळ आहे, रक्त तपासून खात्री करून घ्या. आता तरी जा. माझं ऐकून नको. चौदा वर्षांच्या त्या मुलीचं ऐकून जा, जिने टोपलीतून कागद काढला.

भाऊ


बुधवार, २९ जानेवारी

ताई,

पुरळ सोमवारी आलं. आधी कपाळावर, मग सगळीकडे. कानांमागे गाठी, गुडघे दुखतात. मोठ्या माणसांना सांध्यांत जास्त बोलतं म्हणे. मापं घेतल्याला अठरा दिवस झाले, सिस्टरांच्या हिशेबात अगदी नियमाप्रमाणे. निदान काहीतरी.

हे पत्र बाबा हात धुऊन पेटीत टाकतील.

सिस्टरांनी फोनवर विचारलं, पुरळ यायच्या आधीच्या आठवड्यात कोणाकोणाला भेटलात, यादी करा. मी आखून यादी केली. बाबा, पेपरवाला, शाळेतल्या सफाईच्या मावशी, मोठ्या बाई, पोस्टातल्या बाई, स्वतः सिस्टर आणि दुकानदार. सात नावं झाली. एवढ्याशा यादीला रकाने आखायची गरज नव्हती. त्यांत गरोदर कोणी नाही, हे प्रत्येकीला फोन करून विचारून घेतलं. पोस्टातल्या बाई चांगल्याच भडकल्या. त्यांचं वय अठ्ठावन्न आहे.

काल आत्याचा फोन आला. म्हणाली, "मी काही बोलले नाही हं." मी म्हटलं, बोल. "तिने रक्त दिलं होतं. अहवाल आला. अंगात शक्ती आहे, चांगली भरपूर आहे, डॉक्टर म्हणाल्या काळजी नको." मग म्हणाली, "तुला ऐकू येतंय ना?" येत होतं. मी तारीख विचारली.

कधी दिलं होतंस? आत्या म्हणते दहा तारखेला. माझं पहिलं पत्र मंगळवारी मिळालं आणि शुक्रवारी तू रक्त देऊन आलीस! आणि मी त्यानंतर दोन आठवडे हात जोडतो आहे, दप्तराच्या खोलीत धूळ खातो आहे, आणि तू आत्याला बाह्यांचे निरोप देते आहेस! तुझ्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. मला फार आनंद झाला आहे. पण तुझ्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही.

फोन ठेवल्यावर बाबांनी पेपर खाली न करता विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" दोन वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, सगळं ठीक आहे, तिने आठवीत लस घेतली होती. म्हणाले, "मी तर सही केली नव्हती." मी म्हटलं, "तिने केली होती. तुमची."

त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, "बरी काढली होती का?"

भाऊ


रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

मंगळवारपासून मला घराबाहेर पडायची मोकळीक मिळाली. संमेलन मार्चवर गेलं. पाहुणे म्हणाले, बरं झालं, त्यांनाही जमत नव्हतं. कपडे सावकाश शिव, बाह्यांची मापं मी परत घेऊन पाठवीन, खांद्याच्या टोकापासून.

शाळेत काल लस दिली. त्याआधी चार दिवस मी वही घेऊन घरोघर फिरलो, अनुक्रमांक एकपासून. आजारी पडून उठलेल्यांनाही टोचणार होते, कारण गोवरची लसही त्यातच आहे. या वेळी लोकांच्या हातात कागद दिलाच नाही. उंबऱ्यात बसायचो, ते बोलायचे, मी भरायचो, ते सही करायचे. सायकलच्या दुकानवाल्यांनी ग्रीसच्या हाताने सही केली, अख्खा पंजा उमटला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "चालेल का साहेब, की परत?" मी म्हटलं, चालेल. त्यांच्या सुनेचं रक्तही ठीक निघालं.

ज्याच्या जन्मतारखेपुढे "पावसाळ्यात" होतं, त्याची आई भांडी घासत होती. म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी आणून दिलं होतं की, तुम्हीच परत पाठवलंत." मी म्हटलं, हो, मीच. म्हणाली, "मग मला वाटलं, आमच्या पोराला देत नसतील." हे वाक्य वहीत कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

एक्केचाळीसपैकी अडतीस झाले. दोघे गाव सोडून गेले. एका वडिलांनी नको म्हटलं. त्यांच्याकडे मी उद्या पुन्हा जातो आहे, परवाही जाईन. मला कंटाळवाणा माणूस म्हणतात, त्याचा कुठेतरी उपयोग व्हावा.

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. पत्र असेल म्हणून मी आधी हात धुतले. आत पत्र नाही, तू नाव घातलंस त्या प्रसूतिगृहाचा अर्ज! जवळच्या नातेवाइकांच्या दोन सह्या हव्यात, त्यांची नावं, पत्ते, नातं, सगळे रकाने कोरे, आणि कडेला तुझ्या अक्षरात पेन्सिलीने : "आधी सही. मग वाच."

मी आधी सही केली. खरंच. मग वाचला. तिसऱ्या पानावर दोन चुका आहेत, त्या मी दाखवणार नाही.

दुसरी सही कोणाची घ्यायची ते तू लिहिलं नव्हतंस. मी अर्ज टेबलावर उघडा ठेवला आणि पाणी भरायला गेलो. परत आलो तर बाबा चष्मा लावून पेनाचं टोपण शोधत होते. माझ्या सहीखाली त्यांची सही झालेली होती, आणि शेपूट नेहमीप्रमाणे चौकटीबाहेर, थेट "कार्यालयीन उपयोगासाठी" असं छापलं आहे त्याच्यात घुसलेलं. म्हणाले, "बिघडलं का रे?"

मी म्हटलं, नाही.

अर्ज सोबत आहे. खिडकीवर कोणी हरकत घेतली, तर तू भांडू नकोस, या दिवसांत बरं नाही. मला फोन कर. माझा नंबर तोच आहे. मी येऊन भांडतो.

तुझा,
हेडक्लार्क